प्रसूती नावाचा चौकोन

मी नागपूरहून बेंगळुरूला आले, तेव्हा माझं काम आईला समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. "डेटा मॉडेलर म्हणजे नक्की काय गं?" ती फोनवर विचारायची. मी म्हणायचे, "दवाखान्यांचं सॉफ्टवेअर असतं ना, त्यात कुठली माहिती कुठे ठेवायची, कशाला कशाशी जोडायचं, त्याचे आराखडे मी काढते." ती म्हणायची, "बरं. जेवतेस ना वेळेवर?"

मी राहायला मारतहळ्ळीला होते आणि ऑफिस होतं एचएसआर लेआउटला. दवाखाने आणि प्रसूतिगृहांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी ती एक लहानशी कंपनी. आराखड्यांचं काम करणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि अक्का. अक्का पन्नाशीच्या पुढच्या. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. घरात बोलायचे मराठीच, पण ती मराठी पहिले काही दिवस मला कानडीच वाटायची. "स्वल्प सरक," असं म्हणून त्या माझ्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढायच्या, आणि "सरी, आता दाखव," म्हणायच्या. स्वल्प म्हणजे जरासं, सरी म्हणजे ठीक. माझं नागपुरी "मी करून राहिली ना" ऐकलं की त्यांना हसू आवरायचं नाही. पण त्यांचं 'स्वल्प' मला इतकं चिकटलं, की सुट्टीत नागपूरला गेल्यावर मी भाजीवालीकडे "स्वल्प कोथिंबीर द्या" म्हणाले आणि ती माझ्याकडे बघतच राहिली.

पहिल्याच आठवड्यात अक्कांनी फळ्यावर तीन आडव्या रेषा मारून मला काम समजावलं होतं.

"सगळ्यात वर डॉक्टर आणि नर्स जे शब्द बोलतात ते. आई, प्रसूती, बाळ, वॉर्ड. इथे कॉम्प्युटरचा एक शब्द नको. त्याखाली तेच, पण नेमकं. कुणाची ओळख कशावरून, एकाला किती, कुठली माहिती असायलाच हवी. आणि सगळ्यात खाली खरी टेबलं, जिथे माहिती साठते."

"म्हणजे एकच गोष्ट तीनदा काढायची?"

"वरचं डॉक्टरला वाचता आलं पाहिजे, खालचं मशीनला. मधलं तुला आणि मला."

मग त्यांनी वरच्या चौकोनापासून मधल्यापर्यंत आणि मधल्यापासून खालच्यापर्यंत रेघा ओढल्या. खरं काम त्या रेघांचं होतं. आमच्याकडे एक टूल होतं, त्यात प्रत्येक गोष्ट वरून खालपर्यंत जोडलेली असायची. कुठल्याही थरात काही बदललं, की टूल तिन्ही थर ताडून बघायचं आणि फरकांची यादी समोर ठेवायचं. प्रत्येक फरकापुढे ठरवायचं: हा बदल खाली उतरवायचा, वर न्यायचा, की वगळायचा. वगळला तर शेजारी कारण लिहायचं. अक्का दर गुरुवारी सकाळी ही यादी उघडून बसायच्या. त्या वेळात त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

मला त्या यादीचा कंटाळा यायचा. सॉफ्टवेअर चालायचं ते खालच्या टेबलांवर. वरचं चित्र कुणी उघडून बघत नसे. मला वाटायचं, ही अक्कांच्या पिढीची शिस्त आहे, आणि ती त्यांच्याबरोबर जाईल.

एकदा अक्का एक आठवडा रजेवर होत्या. त्याच आठवड्यात एका प्रसूतिगृहाने तक्रार केली, की बाळाची माहिती उघडायला फार वेळ लागतो. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी माझ्याकडे आली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं: आई, प्रसूती आणि बाळ अशी तीन टेबलं जोडून माहिती काढावी लागत होती. त्यांनी उपाय सुचवला. प्रसूतीचं टेबल काढून टाकू, आईच्या भरतीच्या नोंदीतच बाळासाठी रकाने करू आणि बाळाला आईचाच क्रमांक देऊ, पुढे फक्त एक अक्षर जोडू. मी करून बघितलं. स्क्रीन चटकन उघडायला लागला. सगळे खूश, मीही खूश.

टूलने यादी दाखवली. वरच्या आणि मधल्या थरात प्रसूती नावाचा चौकोन होता, खाली त्याला जोडलेलं काहीच उरलं नव्हतं. मी 'वगळा' दाबलं. कारणाच्या जागी लिहिलं, "तात्पुरतं." अक्का आल्यावर त्यांना सांगायचं असं मी ठरवलं होतं. त्या आल्या तेव्हा दुसरंच काहीतरी निघालं, मग तिसरं. वगळलेले फरक गुरुवारच्या यादीत पुन्हा येत नसत. माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तीनेक महिन्यांनी येलहंक्याजवळच्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. तिथल्या एका सिस्टरनी सॉफ्टवेअर वापरायला साफ नकार दिला होता. त्या म्हणत होत्या, तुमच्या मशीनने आमचं एक बाळ खाल्लं.

मी कॉम्प्युटर उघडला आणि पाच मिनिटांत मला कळलं. जुळं झालं होतं. आधी मुलीची माहिती भरली गेली, मग मुलाची. आईच्या क्रमांकापुढे एक अक्षर, म्हणजे एका बाळंतपणाला एकच बाळ. मुलाची माहिती मुलीच्या माहितीवर जाऊन बसली होती. मुलीचं काय झालं, हे फोनवर कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं मला धाडस होत नव्हतं.

अक्का शेजारीच होत्या. मी त्यांच्याकडे स्क्रीन वळवला आणि ती वगळलेली ओळ दाखवली.

"हे तू दाबलंस?"

"हो. तुम्ही रजेवर होता तेव्हा. सांगायचं राहून गेलं."

त्यांनी बाळाची नोंद वरपासून खालपर्यंत वाचली. मग त्यांनी पर्स उचलली. "मला राग आलाय. तो स्वल्प वेळ बाजूला ठेवते. आधी तिथे जाऊ या."

त्यांनी निघण्याआधी सगळ्या दवाखान्यांत जुळ्यांची माहिती भरणं थांबवायला सांगितलं, आणि आम्ही गाडी केली. हेब्बाळच्या पुलापर्यंत मी मनातल्या मनात त्या मुलीच्या वजनाचा विचार करत होते. नवजात बाळाचं औषध वजनावर ठरतं, एवढं मला तोपर्यंत कळत होतं.

सिस्टर पायऱ्यांवरच भेटल्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या आसपासच्या, तोंडाने फटकळ. त्या कानडीत बोलत होत्या आणि अक्का मला सांगत होत्या, पण 'अवळि' हा शब्द मला आपसूक कळला. आमच्याकडेही जुळ्यांना आवळीजावळी म्हणतात.

"बाळं कशी आहेत?" मी आधी तेवढंच विचारलं.

अक्कांनी विचारलं. सिस्टरनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि मान डोलावली. दोन्ही छान होती. मग त्यांनी सांगितलं ते असं: लहान चणीच्या मुलीला इंजेक्शन द्यायचं होतं. छापून आलेल्या चिठ्ठीवर वजन लिहिलं होतं दोन किलो चारशे. त्यांनी मुलीला हातात घेतलं आणि त्या थांबल्या. "हातात घेतल्यावर कळतं," त्या म्हणाल्या. काट्यावर पुन्हा ठेवलं, तर भरली एक किलो आठशे. त्यांनी चिठ्ठी फाडली, डॉक्टरांना बोलावलं आणि दोन्ही बाळांच्या पायांना पट्ट्या बांधून त्यांवर पेनाने वजन लिहिलं.

मी त्यांना हिंदीत म्हणाले, "सिस्टर, ही चूक माझी आहे. मीच हे बदललं होतं."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी मला आत नेलं आणि एका खाटेपाशी उभं केलं. खाटेवर एक थकलेली बाई झोपली होती आणि शेजारी पाळण्यात दोन मुठी हलत होत्या. "देखो," सिस्टर म्हणाल्या, "दो हैं." बस, तेवढंच. त्या दिवशी मला कुणी याहून जास्त बोललं नाही आणि याहून जास्त लागेल असंही कुणी काही बोललं नाही.

आम्ही दुपारभर तिथेच बसलो. सिस्टर कामातून मोकळ्या झाल्या की अक्का त्यांना विचारायच्या: प्रसूती कधी सुरू झाली असं तुम्ही धरता? बाळाला क्रमांक कधी देता? आधी कागदावर काय लिहिता? मी लिहून घेत होते. निघताना अक्कांनी विचारलं, "आणखी काही अडचण आहे का?"

सिस्टरनी कपाटातून एक जाड वही काढली. त्या म्हणाल्या, जी बाळं रडत नाहीत त्यांना तुमच्या मशीनमध्ये जागा नाही. स्क्रीन रडण्याची वेळ मागतो, ती भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. म्हणून आम्ही ती या वहीत लिहितो. आणि आईच्या कागदावर नुसतं छापून येतं, पेशंटची प्रकृती ठीक.

हे अक्कांनी मला मराठीत सांगितलं नाही. सिस्टरनीच पुन्हा मोडक्या हिंदीत सांगितलं. अक्का वहीवर हात ठेवून उभ्या होत्या, पण वही त्यांनी उघडली नाही.

परतीच्या वाटेवर गाडी बराच वेळ एका जागी अडकून पडली होती. अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझी पहिली मुलगी अशीच होती."

त्यांना दोन मुलगे आहेत, एवढंच मला ठाऊक होतं.

"दिवस पूर्ण भरले होते. शेवटच्या दोन दिवसांत हालचाल बंद झाली. मला दाखवली नाही त्यांनी. त्या वेळी दाखवत नसत. मुलगी होती हे मला आयाने सांगितलं, कानात. डिस्चार्जच्या कागदावर तेच होतं. पेशंटची प्रकृती ठीक. मी तो कागद किती वेळा वाचला असेन. मागची बाजूसुद्धा बघितली."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला.

"म्हणून पहिल्यांदा वरचं चित्र काढलं तेव्हा मी प्रसूतीचा चौकोन वेगळा काढला," त्या म्हणाल्या. "बाळ रडलं, नाही रडलं, प्रसूती तर झालीच ना? आणि बाळ जन्मलं, मग जिवंत असो की नसो. असं काढलं होतं मी. वर अजून तसंच आहे."

"मग न रडलेलं बाळ खाली का नाही उतरलं?"

"पहिल्या दवाखान्याची घाई होती. सगळे म्हणाले, क्वचित घडणारी गोष्ट, नंतर बघू. यादीत फरक आला. मी वगळा दाबलं." त्या माझ्याकडे वळल्या. "तू निदान तात्पुरतं असं लिहिलंस. मी ती जागा रिकामी सोडली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राखून ठेवलेला राग काढला. ऑफिसात सगळ्यांसमोर नाही, जेवणाच्या वेळी, डबा उघडताना. "चूक कुणाचीही होते. पण तीन महिने तू माझ्या शेजारी बसून गप्प राहिलीस, त्याचा मला त्रास झाला," त्या म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांनी मला डब्यातली चित्रान्नाची, म्हणजे लिंबूभाताची, मूद वाढली आणि म्हणाल्या, "आता वगळलेलं सगळं उघड."

सगळं म्हणजे खरोखरच सगळं. कंपनी सुरू झाल्यापासून ज्याने ज्याने 'वगळा' दाबलं होतं ती संपूर्ण यादी आम्ही काढली. दोन आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. बरेचसे फरक किरकोळ होते, कुठे नाव लांब होतं म्हणून खाली तोडलेलं, कुठे एकाच गोष्टीला दोन थरांत दोन नावं. पण मधेच एखादा असा यायचा, की दोघी थांबायचो. वर लिहिलेलं असायचं 'सोबत आलेली व्यक्ती', आणि खाली उतरताना त्याचा झालेला असायचा 'नवरा'. मग माहेरून आईबरोबर आलेल्या मुलीचं काय? तिच्या आईचं नाव नवऱ्याच्या रकान्यात. हे असं किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक. त्या दोन आठवड्यांत मला त्या वरच्या चित्राचा पहिल्यांदा उपयोग झाला. खालच्या टेबलात काय आहे ते कोड वाचून कळत होतं. काय असायला हवं होतं ते फक्त वर लिहिलेलं होतं.

जुळ्यांची दुरुस्ती पहिल्याच दिवशी झाली. प्रसूतीचं टेबल परत आलं, प्रत्येक बाळाला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि स्क्रीनचा वेग वाढवायला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दुसरी वाट काढली. तशी वाट आधीही होती, मी विचारलंच नव्हतं. न रडलेल्या बाळांचं मात्र सोपं नव्हतं. त्यासाठी सक्तीचे रकाने ऐच्छिक करायचे, एक नवा रकाना आणायचा होता, आणि सगळ्या दवाखान्यांचे अहवाल त्यामुळे बदलणार होते. त्यासाठी मीटिंग झाली.

आमचे मॅनेजर दिल्लीकडचे, वयाने अक्कांच्या धाकट्या मुलाएवढे असतील. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, "हे किती वेळा वापरलं जाणार आहे? इतक्या थोड्यांसाठी सगळ्यांचे अहवाल हलवायचे?"

मला वाटलं अक्का बोलतील. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोरच्या कागदाच्या कडा जुळवत होत्या. तेव्हा मला कळलं, की त्या बोलणार नाहीत, आणि गाडीत सांगितलेली गोष्ट इथे वापरावी असंही त्यांना वाटत नाही. मग मीच बोलले. जुळ्यांची चूक माझी होती, तिथपासून सुरुवात केली. सिस्टरच्या वहीबद्दल सांगितलं. म्हणाले, "दवाखाने ही माहिती भरतातच, सर. फक्त आपल्याकडे भरत नाहीत. कपाटात ठेवतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये अशा बाळाची आई प्रसूतिगृहात का आली होती याचं उत्तरच नाही."

मॅनेजरनी समोरचे अहवाल बाजूला सारले. मग म्हणाले, "त्या सिस्टरना विचारून करा. शब्द आपण ठरवायचे नाहीत."

म्हणून आम्ही पुन्हा येलहंक्याला गेलो. कागदावर काय छापायचं हे सिस्टरनी ठरवलं. आमच्या नमुन्यात पहिल्या ओळीत बाळाची स्थिती होती. त्यांनी ती ओळ खोडली. त्या म्हणाल्या, "आधी मुलगा की मुलगी ते लिहा. मग वजन. मग तारीख आणि वेळ. ते बाकीचं त्यानंतर. पहिल्या ओळीत ते आलं, तर आई पुढचं वाचत नाही." अक्कांनी हे मला मराठीत सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज स्थिर होता. मी क्रम लिहून घेतला.

मग आम्ही ते वरून खाली उतरवलं. वर काही करायचं नव्हतं, ते अक्कांनी कधीच काढून ठेवलं होतं. मधल्या थरात बाळाला जन्मस्थिती, म्हणजे जिवंत की मृत, जोडली, रडण्याची वेळ सक्तीची राहिली नाही, वजन मात्र सक्तीचंच ठेवलं. खाली टेबल बदललं. टूलने तिन्ही थर ताडून बघितले. फरक शून्य. अक्का "सरी," म्हणाल्या आणि चहा आणायला गेल्या.

चाचणीसाठी आम्ही खोट्या नोंदी भरायचो. त्यांत आजची तारीख आणि तोंडाला येईल ते नाव असायचं. दुसऱ्या दिवशी मी त्या नोंदी तपासत होते, तर त्यांतल्या एकीची तारीख तीस वर्षांपूर्वीची होती. मुलगी. दोन किलो नऊशे. आईच्या नावाच्या जागी फक्त एक आद्याक्षर. वजन अक्कांना कुणी सांगितलं होतं की त्यांनी मनानेच घातलं होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

चाचणीच्या नोंदी संध्याकाळी पुसायच्या असत. मी अक्कांना म्हणाले, "एक नोंद ठेवू का? कुणाला अडचण नाही होणार."

त्यांना लगेच कळलं मी कुठल्या नोंदीबद्दल बोलते आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नको. टेस्टचं आहे ते, पूस. नोंद आत जाते की नाही, तेवढंच बघायचं होतं मला."

"गेली, अक्का. एकदाही अडली नाही."

"हो. बघितलं मी."

मी पुसली. त्या शेजारी उभ्या होत्या.

अक्का आता आठवड्यातून दोनच दिवस येतात, त्यातला एक गुरुवार. यादी मी उघडते आणि त्या मागे बसून ऐकतात. मी आताही कधीकधी 'वगळा' दाबते, दाबावंच लागतं, पण शेजारी दोन ओळी लिहिते: का, आणि कुणाला सांगितलं.

नवी आवृत्ती गेल्यावर काही आठवड्यांनी सिस्टरचा मला फोन आला. तोवर माझं कानडी आणि त्यांचं हिंदी मधे कुठेतरी भेटायला लागलं होतं. त्यांनी सांगितलं, आज पहिल्यांदा तसा कागद द्यावा लागला. बाळाचे वडील घेऊन गेले. आधी दारात उभं राहून त्यांनी तो पूर्ण वाचला, घडी घातली, आणि खिशात ठेवण्याआधी पुन्हा उघडून वाचला.

"आणि काही चुकलं का त्यात?" मी विचारलं.

"चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "पण अक्षर फार बारीक आहे. त्यांना उजेडात जाऊन वाचावं लागलं."

छपाईच्या अक्षराचा आकार आमच्या तिन्ही थरांत कुठेच नव्हता, ते दुसऱ्या टीमचं काम. मी उठले, त्यांच्या टेबलाशी गेले आणि अक्षर मोठं करून घेतलं.